कै. बाळू पालवणकर

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी आमच्या विद्यालयाच्या मैदानावर फुटबॉलचा सामना चालू असता पंचाचे काम आमच्याकडे होते. विलेपार्ल्याचे मैदान आणि आषाढाचा पाऊस हा योग ज्यांनी अनुभवला आहे त्यांस चिखलाचे वर्णन सांगावयास नकोच. त्यात डोक्यावरून विमान गेले की शिट्टी कोणास ऐकू जात नाही. अशाच एका गर्जनेत आम्ही शिट्टी फुंकली, मुले पुढे धावतच राहिली, चेंडू जाळ्यात गेला, आणि तो गोल आम्ही नामंजूर केला. चेंडू पुढे टोलविला गेला त्या क्षणी आमच्याच शाळेचा गडी प्रतिपक्षाच्या शेवटच्या बचावपटूच्या पुढे उभा होता असे आम्हांस दिसले होते. सामना संपल्यावर एका पालकांनी मोबाइलवर टिपलेले चित्र मोठ्या सौजन्याने आमच्यापुढे धरले, तेव्हा चूक आमचीच होती असे कबूल करावे लागले. निकाल मात्र फिरला नाही, व फिरणारही नव्हता.

मग विलेपार्ले स्थानकाच्या वाटेने मुलांचा जो वाद सुरू झाला तो आम्ही मागून चालत ऐकला. पंच चुकला तर त्याचा मान का राखावा, हा पहिला मुद्दा. तो मांडणाऱ्यास आम्ही मागे आहोत ह्याची कल्पना नसावी. दुसऱ्याचे म्हणणे असे की, आपला संघ सोडून अधिक पैसे देणाऱ्या संघाकडे जाणारा खेळाडू कृतघ्न होय. त्यावर तिसऱ्याने युरोपातील मोठमोठ्या क्लबांची व तेथील कोट्यवधींच्या सौद्यांची अशी काही माहिती दिली की तिच्यातील निम्मी आम्हांस कळली नाही. चौथा मुलगा ज्या क्लबाचा भक्त होता तो क्लब हरत हरत तळास गेला होता, आणि हरणाऱ्या क्लबाने करावे तरी काय, हे विचारताना तो अगदी रडकुंडीस आला होता. इतक्यात गाडी आली, मुले पांगली, वाद तसाच राहिला.

घरी आल्यावर आम्हांस राहून राहून एका खेळाडूची आठवण होऊ लागली. त्यांचा खेळ फुटबॉल नव्हे, क्रिकेट. परंतु पंचाचा निकाल, एका क्लबातून दुसऱ्या क्लबात जाणे आणि हरणाऱ्या क्लबाची तडफड ही तिन्ही त्यांच्या आयुष्यात अशा रीतीने येऊन गेली आहेत की आमच्या मुलांचा वाद त्यांच्या चरित्रापुढे मांडून पाहावा असे वाटले. म्हणून यंदाच्या अंकात ते चरित्र देत आहोत.

बाळू पालवणकर ह्यांचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातील, जात चांभार. म्हणजे त्या काळच्या रूढीप्रमाणे ते अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजात जन्मले. वडिलांची नोकरी लष्करी खात्याशी संबंधित असल्यामुळे कुटुंब पुण्यास आले. पुण्याच्या लष्करी वस्तीत गोऱ्या अधिकाऱ्यांचे क्रिकेट चाले, व त्यांनी टाकून दिलेल्या जुन्या बॅटी व चेंडू घेऊन बाळू व त्याचा धाकटा भाऊ शिवराम हे दोघे खेळावयास शिकले. शिक्षण फार झाले नाही. घरात मिळकतीची गरज होती.

येथे नावाविषयी एक गोष्ट सांगून ठेवतो. जुन्या धावपत्रकांत इतर खेळाडूंची आडनावे असतात; ह्यांचे मात्र नुसते पी. बाळू. मैदानावर रोलर फिरविणाऱ्या पोऱ्यास ज्या नावाने हाक मारीत तेच नाव त्यांस विलायतेपर्यंत चिकटून गेले. ते वयाने वाढले, कीर्तीने वाढले, तरी नाव तेच. ज्यांस त्यांच्या तरुणपणी फारसे कोणी अहोजाहो केले नाही त्यांस निदान आम्ही येथून पुढे ते करू.

पुण्यातील पारशी गृहस्थांच्या एका क्लबात बाळूंस पहिली नोकरी मिळाली. काम खेळपट्टी झाडण्याचे व तिच्यावर रोलर फिरविण्याचे, पगार दरमहा ३ रुपये. कधी कधी सभासदांस सराव म्हणून चार चेंडू टाकावयाचे, एवढीच काय ती गोलंदाजी. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे पगार ४ रुपये झाला. आमच्या मुलांच्या भाषेत बोलावयाचे तर त्यांच्या आयुष्यातील पहिली बदली ही अशी, एका रुपयासाठी झाली. त्या एका रुपयास कोणी कृतघ्नपणा म्हणेल असे आम्हांस वाटत नाही.

पूना क्लबात खेळपट्टी आखणे, जाळी उभारणे, टेनिसच्या मैदानावर रेघा मारणे ही कामे होतीच. परंतु तेथील ट्रॉस नावाच्या एका गोऱ्या खेळाडूने त्यांस जाळ्यात गोलंदाजी करावयास लाविले. डावखोऱ्या हाताने संथ, फिरता चेंडू टाकणारा हा पोऱ्या काही निराळाच आहे, हे थोड्याच दिवसांत सर्वांच्या ध्यानी आले. क्लबाचे सर्वांत नामांकित फलंदाज कॅप्टन जे. जी. ग्रेग हे होते. त्यांच्या जॉन ग्लेनी ह्या नावाचा अपभ्रंश करून लोक त्यांस जंगली म्हणत, पण त्यांची फलंदाजी मोठी शास्त्रशुद्ध. अशी आख्यायिका आहे की, ग्रेगसाहेब इतरांच्या तासभर आधी मैदानावर येत, बाळूंकडून चेंडू टाकवून घेत, आणि बाळूंनी त्यांस बाद केले की दर खेपेस आठ आणे देत. हिशेब सोपा आहे. महिन्यातून आठ वेळा ग्रेगसाहेबांस बाद केले की पगाराइतकी रक्कम हाती येई! ह्याच ग्रेगसाहेबांनी पुढे उतारवयात, १९३५ साली, रोमन कॅथलिक धर्मगुरूची दीक्षा घेतली, ही गोष्ट आमच्यासारख्यांस विशेष वाटते. पण तो विषय निराळा.

अशा रीतीने बाळूंनी पूना क्लबात शेकडो तास गोलंदाजी केली. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. चेंडू टाकणे हे श्रमाचे काम, ते चाकराने करावे. फलंदाजी हा साहेबाचा मान. सराव म्हटला तर अपूर्व, वागणूक म्हटली तर ही. गोऱ्यांच्या क्लबाविषयी बोलताना ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानी ठेविल्या पाहिजेत.

आता हरणाऱ्या क्लबाची गोष्ट. पुण्यातील हिंदूंच्या क्लबास युरोपियनांस हरविण्याची मोठी उमेद होती, पण ज्याच्या चेंडूपुढे गोऱ्यांनी माघार घ्यावी असा गोलंदाज नव्हता. तो शहरातच होता, रोज त्याच गोऱ्यांस चकवीत होता, परंतु जातीने चांभार. त्यास घ्यावे की नाही ह्याविषयी क्लबात तट पडले. काही तेलुगू सभासद अनुकूल होते, काही ब्राह्मण सभासद प्रतिकूल. ग्रेगसाहेबांनीही उघडपणे मत दिले की असा गोलंदाज बाहेर ठेवणे म्हणजे आपलेच नुकसान करून घेणे होय. शेवटी जिंकण्याची इच्छा सोवळ्यावर मात करून गेली व बाळूंस संघात घेतले.

परंतु किती घेतले? सीमारेषेच्या आत घेतले. मैदानावर ज्या चेंडूस त्यांचा हात लागे तोच चेंडू इतरांनी झेलावयाचा, अडवावयाचा, परत फेकावयाचा. तेथे विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली की इतर खेळाडू आत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि बाळूंस तंबूच्या बाहेर मातीच्या, पिऊन टाकून द्यावयाच्या भांड्यात चहा दिला जाई. हातपाय धुवावयाचे तर अस्पृश्य चाकराने बाहेर कोपऱ्यात पाणी आणून द्यावे. जेवणाचे पान निराळे, जागा निराळी. दुपारी ज्याने प्रतिपक्षाचे पाच-सहा गडी टिपले तो संध्याकाळी एकटा बाहेर उभा आहे, हे चित्र आमच्या विद्यार्थ्यांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावे.

ह्या ठिकाणी आम्हांस आमच्या मुलांच्या पहिल्या प्रश्नाचे स्मरण होते. पंच चुकतात, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. पण चुकणाऱ्या पंचाचाही मान का राखावयाचा, तर त्याच्यापुढे सर्वांस एकच नियम असतो म्हणून. बाळूंच्या चेंडूने यष्ट्या उडाल्या की पंचाने बोट वर करावयाचे व फलंदाजाने, मग तो कॅप्टन असो की ब्राह्मण असो, तंबूकडे चालू लागावयाचे. तेथे जात विचारण्यास नियमांत जागाच नव्हती. जात विचारली ती निवडणाऱ्या मंडळींनी, चहा देणाऱ्यांनी, कप्तान ठरविणाऱ्यांनी. बाळूंस जो अन्याय सोसावा लागला तो सीमारेषेच्या बाहेरचा. आमची मुले ज्याच्यावर सर्वांत अधिक ओरडतात त्या शिट्टीवाल्याचा नव्हे.

पुण्याच्या हिंदू संघाने बाळूंच्या बळावर गोऱ्यांस हरविले. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी झालेल्या सामन्याची गोष्ट प्रसिद्धच आहे. बाळूंचा चेंडू फिरू नये म्हणून यजमानांनी आठवडाभर रोलर फिरवून खेळपट्टी दगडासारखी करून ठेविली होती म्हणतात, तरीही बाळूंनी सात गडी बाद केले व सामना जिंकून दिला. पुढे न्यायमूर्ती रानडे ह्यांनी जाहीर सभेत बाळूंचा गौरव केला, व ज्यांच्याबरोबर आपण खेळतो त्यांच्याबरोबर बसून खाण्यापिण्यास संकोच का वाटावा, अशा आशयाचा प्रश्न खेळाडूंस केला. लोकमान्य टिळकांनीही एका प्रसंगी बाळूंची प्रशंसा केली. रानडे व टिळक ह्या दोघांचे एकमत झालेले विषय हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांत हा एक होता.

प्लेगच्या साथीच्या दिवसांत, १८९६ च्या सुमारास, पालवणकर कुटुंबाने पुणे सोडले व ते मुंबईस आले. काही काळ लष्करात काढल्यावर बाळूंस बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली. ही रेल्वे म्हणजे चर्चगेटहून दादर, अंधेरी, बोरिवलीवरून गुजरातकडे जाणारी तीच. १९५१ साली तिचा समावेश पश्चिम रेल्वेत झाला. ज्या रुळांवरून आमची मुले शाळेस ये-जा करतात त्याच रुळांच्या मालक कंपनीचे हे नोकर व तिच्या संघाचे खेळाडू होते. रेल्वे कंपन्या, गिरण्या व बँका चांगल्या खेळाडूंस नोकऱ्या देत व आपापले संघ बांधीत. गरिबाच्या मुलास खेळ हा चरितार्थाचा आधार होण्याची ती एकच वाट होती.

मुंबईत मरीन लाइन्सच्या बाजूस समुद्रकिनाऱ्याला लागून निरनिराळ्या समाजांचे जिमखाने होते. त्यांपैकी परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात बाळूंस घ्यावे की नाही ह्याविषयी पुण्याचाच वाद पुन्हा झाला. काही गुजराती सभासदांनी हरकत घेतली, पण तेव्हाचे कप्तान कीर्तिकर ह्यांच्या आग्रहाने बाळू आत आले. येथे मात्र गोष्ट पुण्याहून पुढे गेली. हळूहळू बाळू व शिवराम हे दोघे भाऊ जिमखान्याच्या उपाहारगृहात इतर खेळाडूंबरोबर बसू लागले. ही बदली मात्र पगाराच्या आकड्यांत मोजता येत नाही.

१९०६ च्या फेब्रुवारीत मुंबई जिमखान्याच्या मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. त्या सामन्यास अफाट गर्दी लोटली होती. हिंदूंच्या पहिल्या डावात २४२ धावा झाल्या, युरोपियनांच्या १९१. दुसऱ्या डावात हिंदूंचे सर्व गडी १६० धावांत आटोपले. युरोपियनांस विजयासाठी २१२ धावा हव्या होत्या. त्यांचा डाव १०२ धावांत कोसळला, व १०९ धावांनी हिंदू जिंकले. ह्या कोसळण्यात बाळूंच्या डाव्या हाताचा वाटा मोठा होता. रुसो-जपानी युद्धात आशियातील एका राष्ट्राने युरोपातील एका साम्राज्यास नमविले त्याला तेव्हा वर्षही झाले नव्हते, त्यामुळे ह्या विजयाचा आनंद केवळ खेळापुरता राहिला नाही. तथापि इंडियन सोशल रिफॉर्मर ह्या पत्राने निराळ्याच गोष्टीवर बोट ठेविले. हिंदूंचा खरा विजय गोऱ्यांवरचा नसून, चांभार बंधूंस आपल्यात सामावून घेण्यात झाला, असा त्याचा अभिप्राय होता. आम्हांसही तो पटतो. मात्र तो विजय अर्धाच होता, हे पुढील हकिकतीवरून दिसून येईल.

१९०७ पासून युरोपियन, पारशी व हिंदू ह्यांचे तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ साली मुसलमान संघ आल्यावर ते चौरंगी झाले. धर्मावरून संघ पाडणे आज आपणांस विचित्र वाटेल, व ते वाटणे योग्यच आहे. १९३७ साली उरलेल्या सर्वांचा एक पाचवा संघ झाला, त्यात हिंदी ख्रिस्ती खेळाडूही असत. सांगलीच्या एका शिक्षकाचे चिरंजीव विजय हजारे ह्याच संघातून खेळत, व १९४३ च्या अंतिम सामन्यात संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्या हजाऱ्यांच्या ३०९ होत्या. शिक्षकाचे चिरंजीव हा उल्लेख आम्ही मुद्दाम केला आहे. वाचकांनी क्षमा करावी.

१९११ साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कप्तान पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग. संघात पारशी, हिंदू, मुसलमान सर्व होते, व बाळू आणि शिवराम हे दोघे बंधूही होते. दौरा एकंदरीत पराभवांचाच झाला. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी १० हरले, २ अनिर्णित राहिले, आणि लेस्टरशायर व सॉमरसेट ह्यांच्याविरुद्धचे २ तेवढे जिंकले. पण ह्या हरणाऱ्या संघात एक मनुष्य दिवसामागून दिवस चेंडू टाकीत राहिला. सबंध दौऱ्यात बाळूंनी ११४ गडी बाद केले, सरासरी प्रत्येकी १९ धावांहून कमी. केंब्रिजच्या विद्यापीठ संघाचे आठ गडी त्यांनी एकाच डावात टिपले. त्या वेळी त्यांचे वय पस्तिशीचे होते, गार हवा व ओल्या खेळपट्ट्या नव्या होत्या, आणि दुसऱ्या टोकाकडून त्यांस पुरेशी साथ नव्हती. इंग्लंडचा विख्यात डावखोरा गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स ह्याच्याशी त्यांची तुलना होऊ लागली.

मुंबईस परत आल्यावर दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या प्रसंगीचे मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुण विद्यार्थ्याने लिहिले होते असे सांगतात. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढे एका मोठ्या प्रसंगी ही दोन नावे समोरासमोर येणार होती, परंतु तूर्त खेळाकडेच वळू.

बाळूंस आणखी दोन धाकटे भाऊ होते, विठ्ठल व गणपत. १९१३ च्या चौरंगी सामन्यांत चौघेही भाऊ हिंदू संघातून खेळले. एका आईची चार मुले एका संघात! विठ्ठल हा त्यांतील उत्तम फलंदाज. त्याच्यापर्यंत येईतो घरात बॅट आली होती. बाळू हे संघातील सर्वांत ज्येष्ठ व सर्वांत यशस्वी खेळाडू. तरी कप्तानपद दर वर्षी दुसऱ्याकडे जाई. १९१३ साली कप्तान मु. दा. पै ह्यांच्या सत्काराचा समारंभ झाला. त्या वेळी पै ह्यांनी स्वतःच भर सभेत सांगितले की, हा मान वस्तुतः आपले ज्येष्ठ मित्र बाळू ह्यांचा आहे. पै हे सारस्वत ब्राह्मण होते. त्यांचे हे बोलणे निवडणाऱ्या मंडळींनी ऐकले, टाळ्याही वाजविल्या असतील, पण पुढेही बाळूंस कप्तान केले नाही.

१९२० साली प्रकरण विकोपास गेले. त्या वर्षी पै आजारामुळे पहिल्या सामन्यास येऊ शकत नव्हते. बाळूंस, वय झाले म्हणून, संघातून वगळण्यात आले होते. मग कप्तान कोण? ज्येष्ठतेने शिवराम व विठ्ठल हे जवळ होते, परंतु पद देण्यात आले ते पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर ह्यांस. देवधर हे थोर फलंदाज, त्यांच्या गुणांविषयी कोणास शंका नव्हती. पण पालवणकर बंधूंहून ते चौरंगी सामन्यांत नवे होते. शिवराम व विठ्ठल ह्यांनी संघातून अंग काढून घेतले व आपली कारणे जाहीर पत्राद्वारे लोकांपुढे मांडली. जातीमुळे आम्हांस डावलले आहे, हा त्या पत्राचा रोख होता. वृत्तपत्रांतून व मैदानाबाहेर क्रिकेटप्रेमी जनांत ह्यावरून कडाक्याचा वाद झाला.

खेळाडूने आपल्या संघास ऐन वेळी सोडून जावे काय? आमच्या मुलांपैकी दुसऱ्याने हाच प्रश्न विचारला होता. साधारणपणे आम्ही त्याच्याच बाजूचे आहोत. संघ अडचणीत असता पाठ फिरविणारा गडी आम्हांस रुचत नाही. परंतु ह्या दोघा भावांनी दुसऱ्या संघाकडे धाव घेतली नाही, पैसा मागितला नाही, सामना चालू असता गोंधळ केला नाही. पंधरा वर्षे खेळून झाल्यावर त्यांनी एकदा, सभ्य शब्दांत, आम्ही येत नाही असे कळविले. आम्ही ह्यास पाठ फिरविणे म्हणणार नाही.

परिणाम ताबडतोब झाला. पारशी संघाशी अंतिम सामना होता. पै बरे होऊन कप्तान म्हणून आले, रुसलेले दोघे बंधू परत आले, आणि वगळलेल्या बाळूंस संघात घेऊन उपकप्तान करण्यात आले. सामना चालू असता पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, व तेवढा वेळ हिंदू संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. पै मुद्दामच बाहेर गेले असे पुष्कळांचे मत आहे, व पै ह्यांचा स्वभाव पाहता ते खरे असावे. वीस वर्षांहून अधिक सेवेबद्दल त्या मोठ्या गोलंदाजास नेतृत्व मिळाले ते हे, उसने घेतल्यासारखे. त्याच वर्षी धाकटा गणपत वारला.

१९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचा कप्तान झाला व त्याच वर्षी हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले. १९२६ पर्यंत तो त्या पदावर होता. ज्या घरातील थोरल्या भावास तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे त्याच घरातील धाकट्याच्या इशाऱ्यावर आता ब्राह्मण, प्रभू, गुजराती सर्व जातींचे खेळाडू जागा बदलू लागले. ह्या विठ्ठलाने पुढे १९४८ साली मराठीत आपले क्रीडाजीवन लिहून प्रसिद्ध केले. बाळूंनी स्वतः आत्मचरित्र लिहिले नाही. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५ च्या आसपास, एवढी नोंद त्यांनी मागे ठेविली.

उत्तर आयुष्यात बाळू राजकारणात पडले. ते महात्मा गांधींचे चाहते होते. १९३२ च्या सप्टेंबरात गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभिले, व २४ सप्टेंबर रोजी पुणे करार झाला. त्या करारावर सह्या करणाऱ्यांत बाळूही होते. १९३३ साली मुंबई नगरपालिकेच्या निवडणुकीत त्यांस अपयश आले. १९३७ साली मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांस उभे केले ते साक्षात डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध. ज्याने मानपत्र लिहिले तो एका बाजूस, ज्यास ते अर्पण झाले तो दुसऱ्या बाजूस. डॉ. आंबेडकरांस १३,२४५ मते पडली, बाळूंस ११,२२५.

ह्या निवडणुकीवरून बाळूंस दोष देणारे तेव्हाही होते व आजही आहेत. आपल्याच समाजाच्या सर्वांत समर्थ पुढाऱ्यास अडविण्यासाठी त्यांनी आपले नाव वापरू दिले, असा तो आक्षेप. तो अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. काँग्रेसने त्यांच्या लोकप्रियतेचा उपयोग करून घेतला हे उघड आहे. परंतु आमचा तर्क असा की, बाळूंनी आपल्या हयातीत ग्रेग, रानडे, कीर्तिकर, पै अशी माणसे एकेक करून बदलताना किंवा बाजूस उभी राहताना पाहिली होती, व समाजाचे मन असेच वळेल अशी त्यांची आशा असावी. डॉ. आंबेडकरांनी तेच पुणे, तीच मुंबई पाहिली आणि माणसांच्या सद्भावावर न विसंबता कायद्याने हक्क मिळविले पाहिजेत असा निष्कर्ष काढला. आमच्या मते डॉक्टरांचा निष्कर्ष अधिक बरोबर होता. पै ह्यांच्यासारखा भला कप्तान सात वर्षे आग्रह धरून जे करू शकला नाही ते दोघा भावांच्या एका पत्राने आठवड्यांत झाले.

मतभेद झाले तरी दोघांनी एकमेकांविषयीचा आदर टाकला असे दिसत नाही. निवडणुकीनंतर बाळू फारसे लोकांपुढे आले नाहीत. धर्मावर आधारलेले ते पंचरंगी सामने १९४६ च्या सुमारास कायमचे बंद झाले. १९५० साली भारताच्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. ती पाळणे हा दंडनीय गुन्हा ठरविणारा कायदा १९५५ च्या जूनच्या पहिल्या तारखेस अमलात आला. सार्वजनिक उपाहारगृहांतील भांडी वापरण्यास कोणास मनाई करणे हाही त्या कायद्याप्रमाणे गुन्हा झाला. त्यानंतर जेमतेम महिना लोटला असेल. १९५५ च्या जुलैच्या ४ तारखेस, भर पावसाळ्यात, बाळू पालवणकर मुंबईत निवर्तले. त्यांचा अंत्यविधी सांताक्रूझ येथे झाला असे सांगतात, म्हणजे आमच्या विलेपार्ल्याहून एकच स्थानक अलीकडे, त्यांच्याच जुन्या रेल्वेच्या मार्गावर.